वहिनीच्या नावाचं झाड

त्या सांजेला आमी दोघांनी दोन वावरांमधल्या धुऱ्यावर बसून नेहमीसारखी बिडी ओढली. शेजारच्या वावरातला हा गडी दर बोलण्यामागं "टेन्शन नाही" लावते, डोकं उठते.

"भाऊ, वयनीच्या नावानं इथं झाड लावून देतो. टेन्शन नाही."

बायको जाऊन वर्षही झालं नाही. मी मान डोलावली.

दुसऱ्या दुपारी पाहतो, तर यानं जेसीबीनं धुरा साफ केलेला. मधोमध नर्सरीतली बोगनवेल, आणि बायकोचा तरवड उपटून नाल्यात! दर नवरात्रात घटाची पिवळी माळ ती त्याच्याच फुलांची करायची.

"काहून उपटला बे?"

"कचरा होता भाऊ. बकरी तोंड लावत नाही त्याले."

तरवड मुरमावर बिनपाण्याचा वाढते. आमच्याकडचे सारे रस्तारुंदीत नाहीतर प्लॉटात गेले, हा एक उरला होता. घट परवावर आलेले. ते सांगून मी त्याले नाही नाही ते बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारसायकलवर तिवसा गावाकडून आला. मागं फुलांनी भरलेला तरवड, मुळासकट उपटलेला. म्हणजे तिकडचाही गेला! उपटलेला तरवड जगत नाही, हे या येड्याले कोणी सांगावं?

त्यानं बोगनवेल काढली, तरवड लावला, पाणी घातलं. मग फुलं तोडून दुपट्ट्यात बांधून माझ्यापुढं धरली. "टेन्शन नाही" तेवढं म्हणाला नाही.