चार्जर बंद होईना

अहमदपूरच्या बाहेर, नांदेड रस्त्याला वीरभद्रअप्पांचं मंगल कार्यालय आहे. जागा ऐसपैस. फाटकापासून मांडवापर्यंत चालत जायचं म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाचा लग्नाला आल्याचा आनंद निम्मा वाटेतच संपतो. म्हणून अप्पांनी बॅटरीवर चालणारी एक पांढरी गाडी आणली. गोल्फच्या मैदानावर असते तसली, दारं नसलेली. पुढे दोघं बसतात, मागे दोघं, आणि मागच्यांची तोंडं उलट्या दिशेला.

ही गाडी गोदावरीबाई चालवतात.

त्याआधी त्या तिथल्याच स्वयंपाकघरात भाकरी थापायच्या. गाडीवर अप्पांनी सुरुवातीला एक ड्रायव्हर ठेवला होता. तो वळणावरही वेग कमी करत नसे, आणि मागच्या बाकावरून म्हाताऱ्या बायका देवाचं नाव घेतच उतरत. एकदा नवरीच्या आजीचा पदर चाकात जाता जाता राहिला. अप्पा तसेच स्वयंपाकघराच्या दारात आले आणि विचारू लागले, तुमच्यापैकी कुणी बाई शिकेल का ही गाडी? बाकीच्या हसल्या. गोदावरीबाईंनी हाताचं पीठ धुतलं आणि बाहेर आल्या.

चुलीची धग सोसत नव्हती म्हणून शिकले, असं त्या सांगतात. पण भाकरी थापायच्या तेव्हा त्यांना नावानं हाक कुणी मारत नव्हतं. गाडीवर बसल्यापासून वऱ्हाडातल्या बायका त्यांचं गाव विचारतात, लेकरंबाळं विचारतात, उतरताना पाठीवरून हात फिरवतात. एखादी सासुरवाडीच्या तक्रारीही सांगते, कारण रस्ता तेवढा लांब आहे. गोदावरीबाई पुढे बघत सगळं ऐकून घेतात आणि मांडवापाशी अशा बेतानं थांबतात की पाय थेट गालिच्यावर पडावा.

यंदा तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली आणि गाडीच्या चार्जरनं बंद व्हायचंच सोडून दिलं.

एरवी संध्याकाळी त्या चार्जर लावून घरी जात. बॅटऱ्या भरल्या की तो आपला आपण थांबे, लाल दिवा जाऊन हिरवा लागे. त्या दिवशी सकाळी येऊन बघतात तर दिवा लालच. चार्जरचा पंखा घरघरत होता, पेटी हात लाववणार नाही इतकी तापली होती आणि सीटखालून सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. त्यांनी पिन ओढली. दुसऱ्या दिवशीही तेच. बॅटऱ्यांची बुचं उघडून पाहिली तर आतलं पाणी पार खाली गेलेलं.

अप्पांना आधी वाटलं, बाई बटण विसरली असेल. मग ते स्वतः एक संध्याकाळ खुर्ची टाकून चार्जरसमोर बसले, आणि कंटाळून त्यांनीच पिन काढली. शेवटी म्हणाले, रविवारी मोठं लग्न आहे. तोवर दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर उदगीरकडचा एक रिसॉर्टवाला कधीचा गाडी मागतोय, त्याला देऊन टाकू. तुमचं काही नुकसान होऊ देणार नाही, स्वयंपाकघर आहेच.

हे ते अगदी मायेनं बोलले. त्यामुळे गोदावरीबाईंना भांडताही आलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. व्यंकट मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतो. तो म्हणाला, तुझी गाडी खाऊन खाऊन थांबत नाही म्हणजे तिचं पोट बिघडलंय, तिला ओवा दे. एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी ताट सारून उठल्या.

लातूरहून दुरुस्तीसाठी आलोक आला. शहरातला मुलगा, पण बोलायला गोड. येताना तो दुसरा चांगला चार्जर घेऊनच आला होता. तो लावला. दुपार कलली तरी तोही थांबेना. तेव्हा आलोक जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मावशी, चार्जर बिघडलेलाच नाही. त्याला 'पुरे' म्हणणारं कुणी नाही."

मग त्यानं समजावून सांगितलं. सीटखाली चार बॅटऱ्या एका ओळीत जोडलेल्या असतात. चार्जर चौघींचा मिळून एकच हिशोब बघतो. एक जरी उपाशी राहिली तरी तो सगळ्यांना वाढतच राहतो, आणि पोट भरलेल्या तिघी उकळायला लागतात. त्यानं एकेकीला मीटर लावला. तिघी ठणठणीत, डाव्या कोपऱ्यातली पार खाली. ही गेली, तो म्हणाला. आणि नव्या-जुन्या एकत्र चालत नाहीत, म्हणून चारही बदलाव्या लागतील. अप्पांनी चौघींची किंमत विचारली, ऐकली आणि रिसॉर्टवाल्याचा नंबर शोधायला ऑफिसात गेले. आलोक जेवायला गेला.

गोदावरीबाई एकट्याच सीट उघडून बसल्या. चारही एका दिवशी आलेल्या. चौघींना पाणी त्यांनीच घातलेलं, एकाच डब्यातून. मग हिलाच काय झालं? घरात चार लेकरांना सारखं वाढून एकच वाळत असेल, तर आई आधी त्याच्या ताटातलं कोण उचलतंय ते बघते. त्यांनी त्या बॅटरीच्या मागे हात घातला. बोटांना दोन बारीक वायरी लागल्या. वायरी चटईखालून पुढे गेल्या होत्या, वर चढल्या होत्या आणि रेणुकामातेच्या तसबिरीमागे जाऊन संपल्या होत्या.

तसबिरीपुढे इवलासा पिवळा दिवा जळत होता.

हा दिवा त्यांचाच. नवरात्रात त्यांनी माहूरची देवी गाडीवर बसवली. चालत्या गाडीत तेलाचा दिवा टिकायचा नाही, म्हणून मांडवाची लाइटिंग करणाऱ्या रामलिंगला बल्ब लावायला सांगितलं. त्यानं आधी आणलेला पांढरा एलईडी त्यांना दवाखान्यातल्यासारखा वाटला. मग त्यानं ट्रॅक्टरचा जुन्या पद्धतीचा बल्ब बसवला. तो बारा व्होल्टचा, म्हणून चारांपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतली. आणि घटाचा दिवा विझू द्यायचा नसतो, म्हणून चावी बंद केली तरी जळत राहील असाच जोडला. दसरा झाला, दिवाळी झाली. लग्नं नव्हती तेव्हा गाडी नुसती उभी होती, पण दिवा चालू होता. येणारी-जाणारी माणसं हात जोडत. देवीपुढचा दिवा आपल्या हातानं कोण मालवणार?

आजूबाजूला कुणी नव्हतं. आलोकच्या पिशवीत पक्कड होती. वायरी कापल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. बॅटरी तर गेलीच होती. गोदावरीबाईंनी पक्कड हातात घेतली, थोडा वेळ धरली, परत पिशवीत ठेवली आणि आलोकला हाक मारायला गेल्या.

आलोकनं वायरी पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. मग त्याचा चेहरा उजळला. असं असेल तर ही बॅटरी कदाचित मेलेली नाही, नुसती रिकामी झालीय, तो म्हणाला. एकटीला सावकाश चार्ज करून पाहायची. तिनं चार्जिंग धरलं तर चारही वाचल्या.

पण अप्पांना सांगायचं होतंच. त्या ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या.

"अप्पा, दिवा म्याच लावाय सांगितला हुता. इझू नये असा जोड म्हनून रामलिंगला म्याच म्हनले. बॅटरी माझ्यामुळं बसली."

अप्पांनी हातातला फोन खाली ठेवला. बाहेर येऊन तसबिरीकडे पाहत राहिले.

"बाई, रोज सकाळी या दिव्याला पहिला हात कोण जोडतंय?"

"तुमीच की."

"आन परवा पाऊस आला तवा प्लास्टिक कुणी झाकाय लावलं?"

"तुमीच."

"मंग निम्मी चूक माझी," अप्पा म्हणाले. "देवीला तर काही बोलता येत न्हाई."

मग त्यांनी आलोकला विचारलं, दिवाही राहील आणि बॅटरीही उपाशी राहणार नाही, असं काही आहे का? आलोक म्हणाला, एक छोटी डबी मिळते, ती चौघींकडून सारखं घेते. पण दिवा चावीवर ठेवावा लागेल. गाडी बंद की दिवा बंद. अप्पा घुटमळले. दिवा असा रोज मालवलेला देवीला चालेल का, हे त्यांना ठरवता येईना.

ते गोदावरीबाईंनी ठरवलं. "घट नऊ दिसांचा असतोय, अप्पा. दसऱ्याला आपन उठवतोच. मी उठवायचं इसरले." त्यांनी तसबिरीला हळद-कुंकू वाहिलं, आणि वायर स्वतःच्या हातानं सोडली.

ती बॅटरी मोंढ्यातल्या ट्रॅक्टर-बॅटरीच्या दुकानात पोचवायला व्यंकट आला. सोयाबीनच्या कट्ट्यापेक्षा हलकी आहे, पण कट्टा ॲसिड सांडत नाही, असं म्हणत त्यानं ती दोन्ही हातांनी उभी धरून रिक्षात ठेवली, आणि स्वतः तिच्याशेजारी असा बसला की कुणाला वाटावं, बाळंतिणीला माहेरी घेऊन चाललाय. दुकानात ती हळूहळू भरली. आणि तिनं धरलं.

शनिवारी सकाळी आलोकनं ती परत जोडली, चौघींत पाणी घातलं, डबी बसवली. चार्जर लावला. अप्पा, आलोक, गोदावरीबाई आणि मोंढ्यातून सुटून आलेला व्यंकट, सगळे संध्याकाळी त्याच्याभोवती उभे होते. पंख्याची घरघर बारीक होत गेली आणि थांबली. हिरवा दिवा लागला. अप्पांनी तिथंच उभं राहून रिसॉर्टवाल्याला फोन केला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

आलोक बस धरायला गेला. गोदावरीबाईंनी पिन काढली, वायर गुंडाळली आणि नवऱ्याला म्हणाल्या, बसा, फाटकापर्यंत सोडते.

व्यंकट पुढे बसेना. मोंढ्यातलं कुणी बघितलं तर, म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की तिथून तोंड थेट मांडवाकडे येतं, आणि मांडवातले सगळे, शिडीवरचा रामलिंगसुद्धा, हात हलवतायत.

"आवं, पाय वर घ्या," गोदावरीबाई म्हणाल्या. आणि नवरीच्या आजीला नेताना चालवतात त्याच चालीनं त्यांनी गाडी काढली.

"गोदे, चालत गेलो असतो तर आतापतुर घरी पोचलो असतो."

"बसा गुमान. उद्यापासून जागा मिळायची न्हाई."