पूर्ण हजेरीची कंपासपेटी

देशभरातल्या सहावीच्या मुलांना काय येतं हे तपासायला सरकारी परीक्षा येणार होती. परीक्षा मुलांची, घाम मात्र आमच्या लालबागच्या शाळेला फुटला. महिनाभर शिकवणं बाजूला ठेवून आम्ही मुलांकडून उत्तरपत्रिकेतले नुसते गोल काळे करून घेतले. तरी पाच मुलांच्या गणिताचा भरवसा नव्हता. पेपरला कोण बसणार हे बाहेरून येणारे निरीक्षक त्या दिवशी हजर असलेल्या मुलांमधूनच निवडणार, म्हणून मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "बाई, हे पाच जण उद्या घरी राहू देत. फोन करून टाका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पाचांत एक मुलगी होती, गणितात कच्ची, पण पहिलीपासून एकही दिवस चुकलेली नव्हती. पूर्ण हजेरीची कंपासपेटी हे तिचं एकमेव बक्षीस. दर स्नेहसंमेलनाला ते घ्यायला ती नवी रिबीन लावून यायची. मी भांडले. "सर, तिचं बक्षीस जाईल."

"एका कंपासपेटीसाठी शाळेचं नाव घालवायचं का?"

आणि मी, वर्गात रोज 'खरं बोला' म्हणून घसा फोडणारी, मुकाट्याने फोन करायला बसले. तिची आई पोळी-भाजी केंद्रात कामाला. तिला खरं सांगायची लाज वाटली, म्हणून 'उद्या तिला सुट्टी' एवढंच बोलले.

"तिला एकटीलाच?" आई म्हणाली. "तापात पण शाळा चुकवूक नाय तिनं, बाई. केलं तरी काय तिनं?"

दुसऱ्या दिवशी ती आलीच. गणवेश, दोन वेण्या, दप्तर. शिपायाने तिला फाटकातूनच परत पाठवलं. पण ती घरी गेली नाही, समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसून राहिली, पेपर संपेपर्यंत. वर्गाच्या खिडकीतून मला दिसत होती. निरीक्षकांनी हजेरीपट मागितला, तेव्हा तिच्या नावापुढे गैरहजेरी मीच मांडली. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढे निकाल आला तो अख्ख्या जिल्ह्याचा. त्यात आमच्या शाळेचं नावसुद्धा नव्हतं! ज्या नावासाठी एवढा आटापिटा केला, ते कुणी विचारलंही नाही.

स्नेहसंमेलनात पूर्ण हजेरीची नावं मी वाचली. ती पुढच्याच रांगेत होती, नवी रिबीन लावून. कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ आली.

"बाई, त्या दिवशी मी आलेले. तुम्ही खिडकीतून बघितलेलं ना मला?"