एका बाटलीचं देणं

थेंब वर आला.

हमीदाबी त्या छोट्या काचेच्या भांड्यावर वाकून बघत होत्या आणि पुटपुटत होत्या, "डूब जा, डूब जा रे." पण थेंब बुडेना. निळ्या पाण्यात अर्ध्यापर्यंत गेला, घुटमळला आणि पुन्हा वर येऊन बसला. रक्तपेढीतली ही सगळ्यात साधी तपासणी. बोट टोचायचं, थेंब निळ्या द्रावणात सोडायचा. तळाला गेला तर रक्त दमदार, तरंगला तर एचबी कमी. एचबी कमी म्हणजे तुमचं रक्त घ्यायचं नाही.

"देखा?" मागे उभे असलेले यासीनचाचा बायकोला म्हणाले. "मैं बोल रहा था. कर्ज मेरा है."

"सही तुमने की. खून तो मैंने लिया ना? मेरे अंदर है वो बोतल. तो कर्ज किसका?"

मी हातात सुई धरून दोघांकडे बघत राहिले. कर्ज तुझं, माझं नाही, असं म्हणणारी जोडपी मी पुष्कळ पाहिली होती. कर्ज माझं, तुझं नाही, असं भांडणारं हे पहिलंच.

मागची हकिगत सांगते. नाशिकच्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत मी टेक्निशियन होते. नव्वदच्या दशकात आमच्याकडे रिप्लेसमेंटची पद्धत होती. पेशंटला रक्त हवं असेल तर नातेवाइकांनी तेवढे रक्तदाते आणायचे, म्हणजे फ्रिज रिकामा पडत नाही. रक्त तेव्हाही पिशवीतच असायचं, पण नाशकात सगळे बाटलीच म्हणत. यासीनचाचा जुन्या नाशकातले पिंजारी, गाद्या-उशा भरण्याचं त्यांचं दुकान. हमीदाबींचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन बाटल्या लागल्या. एक मुलाने लगेच भरून दिली. दुसरी मी चाचांच्या शब्दावर सोडली. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि म्हणाले, "ताई, मी स्वतः देणार."

ते आलेही होते. पण एकदा बीपी वाढलेलं निघालं, एकदा ताप. मग दुकान, मग मुलीचं लग्न. नंतर बघू, नंतर बघू करता करता साठी उलटली. आणि साठीनंतर आम्ही कोणाचंही रक्त घेत नसू. अशा राहून गेलेल्या बाटल्या आमच्याकडे खंडीभर होत्या. त्यांचा तगादा आम्ही कधीच लावला नाही.

आणि आता दोन हजार साल उलटून गेल्यावर दोघांचा हजला जायचा नंबर लागला होता. मुंबईहून विमान, जायला पंधरवडा राहिलेला. हजला निघण्याआधी माणूस सगळ्यांची देणी फेडतो, ज्याला दुखावलं असेल त्याची माफी मागतो. चाचांनी वाण्याची उधारी चुकती केली. दहा वर्षं अबोला धरलेल्या चुलतभावाच्या दारात जाऊन आले. आणि मग एका दुपारी हमीदाबी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "और वो बोतल?"

झालं. तेव्हापासून चाचांच्या घशाखाली घास उतरेना. हमीदाबींच्या साठीला अजून अवकाश होता, म्हणून आज त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं होतं.

"अहो, पण आता तुमचं वय झालं," मी म्हटलं. "मुलाला पाठवा."

"त्याला नंतर कावीळ होऊन गेली, ती बीवाली. तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलं, आयुष्यभर द्यायचं नाही."

"मग भाचा, पुतण्या, शेजारी? कोणीही चालेल."

"मी बोललो तर येतील ना, ताई. पण लाजेनं येतील. चाचा हजला चालले, नाही कसं म्हणायचं, म्हणून. तसलं खून मला नको."

मी त्यांना डॉक्टर देवऱ्यांकडे नेलं. ते आमचे बॉस. माणूस चांगला, पण सतत घाईत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच ना? माफ! जा, सुखाने हज करून या."

चाचांनी हात जोडले, पण जागचे हलले नाहीत. "साहेब, रागावू नका. पण बाटली तुमची होती का?"

"म्हणजे?"

"तुमच्या घरची असती तर तुम्ही माफ केलेलं मी डोक्यावर घेतलं असतं. ही तर सगळ्यांची. कोणीतरी दिली, उद्या कोणाला तरी लागली असती."

"ज्याने दिली तो विसरूनही गेला असेल हो!"

"देणारा विसरला म्हणून घेणारा सुटत नाही, साहेब. आमच्यात सांगतात, शहिदाचंसुद्धा सगळं माफ होतं, कर्ज तेवढं होत नाही. ते डोक्यावर ठेवून मी काबासमोर कसा उभा राहू? त्यापेक्षा जात नाही."

ते खरंच जाणार नव्हते. हमीदाबींचे गुडघे गेलेले होते, दोघांची वयं झालेली. आत्ता राहिलं तर राहिलंच, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. हमीदाबी पदराने डोळे पुसत होत्या, पण चला ना, असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

देवऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे तुमचं गिऱ्हाईक. तुम्हीच बघा."

मी दोघांना चहा दिला. चाचा रक्तदात्यांच्या पलंगाशेजारी बसले होते. त्या पलंगाची रेक्झिनची गादी मधोमध खड्डा पडून झोळी झाली होती. चाचांचा हात आपसूक तिच्यावर गेला. दाबून बघितलं, कड चाचपली. मी गमतीने म्हटलं, "चाचा, तुमचा तर हा धंदाच. एवढी गादी भरून द्या, फिट्टंफाट!"

त्यांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. "नाही ताई. आत्ता नाही."

मला राग आला. एका बाटलीसाठी एवढं रामायण, आणि मूठभर कापूस घालायला माणूस नको म्हणतो! अगदीच चिक्कू, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने एवढंच म्हणाले, "बरं, तुमच्या मौलानांना विचारून या. दुसऱ्या कोणी आपण होऊन तुमचं देणं फेडलं तर चालतं का?"

दुसऱ्या दिवशी दोघं हजर. मौलाना म्हणाले होते, चालतं. एखाद्याचं कर्ज दुसरा आपल्या अंगावर घेऊ शकतो. पण खुशीने घ्यायचं, चारचौघांत तोंडाने बोलून घ्यायचं आणि पुढे त्याचा उपकार मोजायचा नाही.

"मग मी घेते," मी म्हणाले.

हे मी ठरवून बोलले नव्हते. आदल्या दिवसापासून ती दोघं डोक्यातून जात नव्हती, एवढं खरं. आमच्या इंदिरानगरच्या घरी भांडण व्हायचं ते सिलिंडर कोणी बदलायचा यावरून. कर्ज माझं म्हणून एकमेकांशी भांडणाऱ्या या म्हातारा-म्हातारीचा मला सरळसरळ हेवा वाटत होता.

देवरे म्हणाले, "बाई, तुम्ही पेढीच्या. घेणेकऱ्यानेच देणं फेडायचं, हा कुठला हिशोब?"

चाचांचा चेहरा उतरला. मी उठून पांढरा कोट काढला, खुंटीला अडकवला आणि म्हटलं, "माझी अर्ध्या दिवसाची रजा लिहा. आता मी पेढीची नाही. माझं वजन भरतं, वय बसतं, मागच्या वेळेला देऊन वर्ष झालं. बोट टोचा."

माझा थेंब दगडासारखा तळाला गेला. हमीदाबींनी टाळ्या वाजवल्या.

मग देवरे, नर्स आणि चहावाला यांच्यासमोर मी म्हणाले, "यासीनचाचांचं आणि हमीदाबींचं एका बाटलीचं देणं मी माझ्या खुशीने अंगावर घेते." बोलताना माझे हात आपसूक जोडले गेले. सरकारी फॉर्म भरून घेताना असं कधी होत नाही.

"नंतर मनात आणणार नाही ना, ताई?" चाचांनी विचारलं.

"नाही आणणार."

मी त्या खड्ड्यात आडवी झाले. पिशवी भरेपर्यंत हमीदाबी माझ्या कपाळावरून हात फिरवत होत्या. नंतर त्यांनीच मला बिस्किटं भरवली. आमच्याच डब्यातली.

तीन दिवसांनी चाचा सायकलला कापसाचं पोतं बांधून आले. मागून रिक्षातून हमीदाबी, हातात दाभण आणि दोरा.

"हे काय?"

"गादी," चाचा म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही रागावलात, मला समजलं होतं. पण ज्याचं देणं आहे त्याला फेडायच्या आधी वस्तू दिली, फुकट काम करून दिलं, की ते सूदात जातं. व्याज आम्हाला घेणं हराम आणि देणंही हराम. आता कर्ज नाही. आता ही नुसती भेट."

मी त्यांना मनातल्या मनात काय म्हटलं होतं ते आठवून मला हसू आलं. मी त्यांना आणखी एक चहा सांगितला.

दुपारभर दोघं खपली. जुना, गोळे झालेला कापूस काढला, नवा भरला, कडा शिवल्या. झाल्यावर चाचांनी चपला काढल्या आणि गादी बघायला म्हणून स्वतः तिच्यावर आडवे झाले. डावा हात लांब केला, रक्त देताना करतात तसा. मूठ उघडली, मिटली, उघडली. नजर छताकडे.

"उठा आता," थोड्या वेळाने हमीदाबी म्हणाल्या. "हो गया."

दोघं ठरल्या विमानाने गेली आणि धडधाकट परत आली. ती गादी माझ्या निवृत्तीपर्यंत दबली नाही. तेवढ्या काळात आमच्याकडे दोन फ्रिज बदलले आणि तीन बॉस.

नवीन टेक्निशियन यायचे त्यांना मी एवढंच सांगायचे. उधारी शब्दावर सोडायला हरकत नाही. पण उधारीवाल्याकडून गादी भरून घ्यायची असेल, तर आधी त्याची उधारी फिटू द्या.