मूलच्या चौकातले बारा टोले

आमच्या घरात भूतबाधा, देवदेवस्कीला थारा नव्हता. बाबा शाळामास्तर, पक्के बौद्ध. ‘कारण शोध’ म्हणायचे. मीही तशीच वाढले. हे लिहितेय ते कारण सापडलं नाही म्हणून...

चंद्रपूरकडच्या आमच्या मूल गावच्या बाजार चौकात लोखंडी खांबावर एक घड्याळ होतं, इंग्रजांच्या काळात एका राईस मिलवाल्या शेठने बसवलेलं. त्याच्या टोल्यांवर मिलची पाळी बदलायची. दर शुक्रवारी रहीमचाचा शिडी लावून चावी द्यायचे. ते वारले आणि घड्याळ बंद पडलं. आतलं मशीन दुरुस्तीला नागपूरला गेलं, ते परत आलंच नाही. उरला रिकामा डबा — त्यात चिमण्यांची घरटी.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा मे. माझा भाऊ सुधाकरदादा आणि रहीमचाचांचा मुलगा सलीम बिडीचा तेंदूपत्ता तोडायला पोंभुर्ण्याकडच्या जंगलात गेले, ते वाट चुकले. नाले कोरडे. शोधायला गेलेले हात हलवत परतले. तिसऱ्या दिवशी मी आणि सलीमची बायको शबाना सकाळपासून घड्याळाखालच्या ओट्यावर बसून होतो. पोंभुर्ण्याची एसटी तिथेच थांबायची. शबाना उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारी, “भाऊ, दोन मानसं दिसली का जी?”

चौथ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून दादा आला. ओठ फाटलेले.

“सलीम कुठी हाय?” शबानानं विचारलं.

“काल दुपारी आपल्या चौकातल्या घड्याळीचे टोले आयकू आले मले... बारा. म्या म्हनलं, सलीम, ऊठ, गाव तिकडं हाय. तो म्हने, मले काईच आयकू येऊन नाई राह्यलं. त्याच्यानं उठवे नाई. पानी आनतो म्हनून मी आवाजाच्या मागं निघालो, तं गोंडाची वस्ती लागली. तिथली मानसं पानी घेऊन धावली, भाभी... पन...”

मागून दुसरी बैलगाडी येत होती. शबाना तिकडे धावली.

आदल्या दिवशी दुपारी बारा वाजता आम्ही दोघी त्या डब्याखालीच होतो. काहीही वाजलं नव्हतं. आणि ते जंगल दहा-बारा मैल लांब!

डॉक्टर म्हणाले, उन्हानं भास होतात. होत असतील. पण भासाच्या मागे जाऊन वस्ती सापडते?

सलीमचा चाळिसावा झाल्यावर शबाना आमच्या दारात आली. दादाला म्हणाली, “माह्या सासऱ्यानं जनमभर चाबी देल्ली त्या घड्याळीले. मंग त्याच्याच पोराले काऊन नाई आयकू आली?”

दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तिला आत घेतलं, जवळ बसवलं.