मी त्याचं कौतुक केलं

शाळेत असताना मी ज्यांच्याकडे शिकवणीला जायचो त्या बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू होत्या. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. बाईंच्या वेळी घाणा राहिला नव्हता आणि त्यांची माणसंही थोडीच उरली होती. त्यांच्या पडवीत एक नियम होता. जो समोर बसलेला नाही, त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. मी आगाऊ. एकदा म्हणालो, "पण बाई, ते खरंच आहे!" बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "खोटं असतं तर त्याला आमच्यात वेगळं नाव आहे. हा नियम खऱ्यासाठीच आहे. आणि ऐकणाऱ्यालाही तेवढाच लागू." त्याच्यापुढचं एक कलम तर मला खुळचटच वाटलं होतं. कुणाचं फार कौतुकही करत बसू नये, म्हणे. कौतुकाच्या भरात नको ते निघून जातं.

चाळिशी उलटली, कुवेतमध्ये एसी दुरुस्त करता करता चौदा वर्षं गेली, आणि तेच खुळचट कलम माझ्या गळ्याशी आलं.

कुवेतच्या एगैला भागात आमची तिघांची खोली. मी, आमच्याच तालुक्यातला एक सुतार आणि रत्नागिरीकडचा एक शिंपी. सुताराला मध्यंतरी दारू लागली होती. इथे बंदी आहे, पण कुठल्या तरी खोलीत गाळतातच. त्याने ती आपल्या हिमतीवर सोडली. तीन आठवडे थरथरत पडून होता, मी आणि शिंप्याने आळीपाळीने पेज भरवली. त्यानंतर थेंब नाही. मग अडतिसाव्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. मुलगीही पस्तिशीची, गावाकडे अंगणवाडीत कामाला. रोज संध्याकाळी तिचा फोन आला की हा नुसत्या आवाजासाठी केस विंचरून बसायचा. आम्ही त्याला इतकं छळायचो की तो फोन घेऊन जिन्यात पळायचा.

मुलीचा मामाही कुवेतमध्येच, रुमैथियाला राहतो. एका शुक्रवारी त्याचा एसी बिघडला म्हणून मी गेलो. काम झालं, चहा आला. मामांनी विचारलं, "आमचे जावई सैपाक करतात का हो?" बस, एवढंच विचारलं. कालवण झकास करतो, असं सांगून मी उठायला हवं होतं. पण मला उमाळा आला. "सैपाकाचं काय घेऊन बसलात? अहो, केवढं पिणं होतं, पण असं सोडलं की तीन वर्षांत थेंब नाही! असा निग्रहाचा माणूस मी पाहिला नाही." मामांनी कप खाली ठेवला. "पीत होते?" मी समजावत सुटलो, आणि जितकं समजावलं तितकं ते बिघडत गेलं. मुलीचा बाप दारूनेच गेला होता, हे मला मागाहून कळलं.

आठ दिवसांत लग्न मोडलं. कारणही कळवलं त्यांनी. कोणाकडून कळलं, ते मात्र नाही.

सुतार दोन दिवस कामावर गेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी उठून त्याने मला विचारलं, "कोनी सांगला आसंल रं?" मी म्हणालो, "काय म्हाईत." मी मामांकडे गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मग त्याने स्वतःच ठरवलं, शिंपीच. खोलीत हे तिसऱ्या कोणाला ठाऊक होतं? शिंप्याने आईची शपथ घेतली. सुतार त्याच्याबरोबर जेवेना. माझ्याजवळ बसून त्याला नाही नाही ते बोले, आणि मी ऐकत असे. महिनाभराने शिंप्याने गादी गुंडाळली. जाताना तो माझ्याकडे बराच वेळ बघत उभा होता. त्याला कळलं होतं, असं मला वाटतं. मग गादी खांद्यावर टाकून तो जिना उतरला.

मी स्वतःची वकिली करून पाहिली. बाईंच्या नियमात सूट होती, लग्नाच्या वेळी कुणाचं नुकसान टळत असेल तर खरं सांगावं. पण ज्याने सोडली त्याच्यापासून कोणतं नुकसान टळलं? आणि विचारलं होतं सैपाकाचं.

बाईंच्या घरी दारफाळणीचा सण असे. त्या दिवशी कडक उपास, दारं बंद, कोणाला भेटायचं नाही. त्याच्या आधी बाई माफी मागत घरोघर फिरत. आमच्याकडेही येत, माझ्या आईसमोर हात जोडत. म्हणत, माणसाचा अपराध देव परस्पर माफ करत नाही, त्या माणसाकडेच जावं लागतं. माझा माणूस तर हाताच्या अंतरावर झोपतो. पण सांगून त्याला काय मिळणार? ती मुलगी परत येणार नाही. त्याचा उरलेला एक दोस्त तेवढा जाईल. हा विचार मी त्याच्यासाठी करतो की माझ्यासाठी, ते मला खरंच कळत नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. बाईंना विचारलं असतं. पण त्या म्हातारपणी मुलाकडे इस्राएलला गेल्या, आणि कुवेतमधून तिकडे फोन लागत नाही. त्या आहेत की नाहीत, तेही मला ठाऊक नाही.

गेल्या शुक्रवारी गावाकडची पाच-सहा मंडळी दुपारी जेवायला आली होती. शिंप्याच्या रिकाम्या कॉटवरही दोघं बसले. सुताराने सुरमईचं कालवण केलं होतं. सगळ्यांदेखत त्याने मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. "या कुवेतान मना यो येकच मानूस भेटला," तो म्हणाला. "कुनाचा वाईट कदी बोलनार नाय."

मंडळींनी माना डोलावल्या. मी खाली बघून काटे काढत राहिलो, आणि तुकडा संपवला.