काचेआडचं पाणी

वायरिंगवाले तात्या गाडीच्या हेडलाइटला गाल लावायचे. वाकून, डोळे मिटून, आजारी पोराचं अंग तापलंय का बघावं तसे. मग सरळ उभे राहत आणि निकाल देत, "आत पाणी हाय." काच वरून कितीही कोरडी दिसो, तात्यांचा गाल कधी चुकल्याचं मला आठवत नाही. लातुरात औसा रस्त्यावर एका सलूनला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांचे दिवे, हॉर्न आणि वायरिंग, एवढंच काम. तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण कुठल्याही गाडीच्या दिव्यात वाफ धरलेली दिसली की माझी पावलं आपोआप थबकतात.

गाडी आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आधी कुणी हात लावला?" डॉक्टर आधीची औषधं विचारतात तसं ते विचारत. खरं सांगितलं तर कितीही घोळ घातलेला असो, हसत निस्तरत. खोटं सांगितलं की किल्ली परत. एकदा एका बड्या माणसाची गाडी त्यांनी अशीच दारातून परत धाडली. तो माणूस आरडाओरडा करत होता आणि तात्या शांतपणे वायर सोलत बसले होते. "गाडी खोटं बोलत न्हाई, मालकच बोलतो," एवढंच म्हणाले.

आता माझी ओळख. मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. ते दिवस असे होते की लातुरात ज्याला खडू धरता येतो त्याच्या नावाची पाटी लागत होती, आणि गावोगावचे आईबाप ट्रंक-गाद्यांसह पोरं आणून सोडत होते. 'प्रकाश' हा माझा हातखंडा विषय. दीडशे पोरांसमोर भिंग, आरसा, बाष्पीभवन असं सगळं मी तोंडपाठ म्हणून दाखवी. असल्या माणसाला आपल्या जुन्या गाडीचे दिवे मिणमिणते वाटू लागले तर तो मेकॅनिककडे कशाला जाईल? मी बाजारातून जवळजवळ दुप्पट वॅटचे बल्ब आणले. नवा होल्डर मागच्या रबरी टोपणात बसेना, म्हणून ब्लेडनं टोपणच कापलं. उजेड असा पडला की समोरच्या घरातले लोक ओरडत बाहेर आले. मी खूश.

मे महिन्यात अवकाळी पाऊस आला आणि कापलेल्या रबरातून पाणी आत शिरलं. सकाळी बघतो तर दोन्ही काचा आतून पांढऱ्या. मग मी दुसरी हुशारी केली. सिलिकॉनची ट्यूब आणली आणि मागची प्रत्येक फट, प्रत्येक भोक बुजवून टाकलं. पाणी आत असतानाच! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी औशाहून येताना उजवा बल्ब फट्‌ करून फुटला. डाव्याचा उजेड दुधासारखा नुसता काचेवरच पसरला होता, रस्त्यावर काही पडत नव्हतं.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी माझ्या मुलीची, शिल्पाची, मेडिकलची प्रवेश परीक्षा होती. केंद्र आलं होतं नांदेडला. तिथल्या लॉजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, लग्नसराईमुळे भाड्याची गाडी मिळत नव्हती, आणि पहिली बस वेळेत पोचली नसती. पहाटे चारला अंधारात निघणं एवढाच मार्ग होता. शिल्पा दोन वर्षं या एका दिवसासाठी जागली होती, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच जास्त. क्लासच्या सरांची मुलगी, लोक काय म्हणतील, ही धास्ती मला होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी शिल्पाला घेऊन तात्यांकडे गेलो. त्यांनी गाल लावला. मग विचारलं, "आधी कुणी हात लावला?"

मुलगी शेजारी उभी होती. मी म्हणालो, "कुणीच नाही. आपोआप पाणी शिरलं."

तात्यांनी बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि सिलिकॉनचा एक लोंबता तुकडा काढून माझ्यासमोर धरला. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्टुलावर जाऊन बसले.

मी उद्याची परीक्षा सांगितली, विनवलं, आवाजही चढवला. तात्या मान वर करेनात. शेवटी शिल्पाच म्हणाली, "तात्या, पप्पांनीच लावलंय ते. बल्बपण त्यांनीच बदलले. मी टॉर्च धरला होता."

तात्या स्टुलावरून उठले. मग मला म्हणाले, "सर, बसा जरा." आणि जे त्यांनी कुणाला फारसं सांगितलं नसावं, ते सांगितलं.

"भूकंपाच्या आदल्या दिशी विसर्जन होतं. मिरवणुकीत जीप झकास दिसावी म्हणून मीबी असलेच मोठे बल्ब टाकले. रबर कापलं. नदीवर नेऊन जीप धुतली. पहाटं गाव खाली आलं. बहिणीच्या घरापुढं जीप लावली, लाइट मारला. ती आतून बोलत होती सर, 'दादा, इकडं' म्हणून. आम्ही हातानं दगड काढत होतो. काच निस्ती पांढरी, काय दिसंना. मग दोन्ही बल्ब फुटले. उजाडलं तवा ती बोलत नव्हती." मग म्हणाले, "लोकांनी विचारलं, लाइटला काय झालं? मी म्हणलो, आपोआप गेले."

त्यांनी माझ्या हातातली किल्ली स्वतःच काढून घेतली.

दोन्ही दिवे खाली उतरले. तात्यांनी पात्यानं सिलिकॉन खरवडलं, तर खालच्या बाजूची बोटाएवढी रबरी नळी गच्च बुजलेली. "आतली वाफ ह्या वाटनं जाती. तुम्ही तीच बंद केली," ते म्हणाले. बाष्पीभवन शिकवणाऱ्या माणसानं ते निमूट ऐकलं. सलूनमधून केस वाळवायचा ड्रायर आला. तासभर लांबून, दमादमानं गरम हवा. नवी रबरी टोपणं, जुन्या वॅटचे बल्ब. मग तात्यांनी दोन बादल्या पाणी दिव्यांवर ओतलं, दिवे लावले आणि आम्ही तिघं काचेकडे बघत बसलो. पाच मिनिटांनी डाव्या काचेच्या कोपऱ्यात पैशाएवढा ढग धरला. शिल्पानं माझा हात घट्ट धरला. "थांबा," तात्या म्हणाले. तो ढग हळूहळू आक्रसत गेला आणि नाहीसा झाला. तात्यांनी दोन्ही काचांना पुन्हा गाल लावला, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

निघताना ते म्हणाले, "पोचल्यावर सलूनच्या फोनवर कळवा."

पहाटेचा रस्ता स्वच्छ दिसला. वेळेच्या आधी तासभर पोचलो. आणि मी फोन करायचं विसरलो. पेपर, रांग, ओळखपत्र, त्या गडबडीत साफ विसरलो. दुपारी दोनला आठवण झाली. सलूनवाल्यानं फोन उचलला आणि ओरडला, "अहो सर, तात्या सकाळधरून हितंच बसलेत. जेवले न्हाईत!" मग तात्यांचा आवाज आला. "उजेड पडला का नीट?" मी हो म्हणालो. "मग जेवतो आता," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. माझी मला इतकी लाज क्वचित वाटली असेल.

त्या वर्षी शिल्पाचा नंबर लागला नाही. मी आठ दिवस तिच्याशी धड बोललो नाही. कुणाकडे मन मोकळं करावं कळेना, म्हणून तात्यांच्या दुकानात जाऊन बसलो आणि सांगितलं, "तात्या, सगळं वाया गेलं. पोरगी गेली."

तात्यांच्या हातातला पाना खाली पडला. "कुठं गेली?"

"म्हणजे... नंबर गेला तिचा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. पाना उचलला. माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तशी नजर मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

"सर," ते म्हणाले, "पोरगी घरी हाय ना?"

मी उठलो. घरी आलो. शिल्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय दुमडून बसली होती. मी तिच्याशेजारी खाली बसलो आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिला विचारलं, "जेवलीस का गं?"