बायकायची गाडी

पोलिओनं माझा डावा पाय लहानपणीच वाळवला. मोटारसायकलचा गिअर नेमका डाव्या पायाशी, म्हणून गावातली पोरं गाडी उडवत कोहमाऱ्याच्या बाजाराला जायची आणि मी कुणाच्या तरी मागं बसून. नोकरी लागल्यावर मी बिनगिअरची स्कूटर घेतली. मूठ पिळली की पळते, ब्रेक दाबला की थांबते, पायाला कामच नाही.

बाबांनी तिला हारसुद्धा घालू दिला नाही. "बायकायची गाडी आणली बे यानं," पेढा खायला आलेल्या लोकांसमोर म्हणाले. चौकातल्या पारावर त्यांचे दोस्त बसत. मी दिसलो की एखादा ओरडायचा, "काऊन बाई, बाजार झाला काय?" सगळ्यांत मोठ्यानं बाबा हसत. मुलीकडचे पाहुणे आले तेव्हा बाबांनी स्कूटर गोठ्यात ढकलली आणि काकाची मोटारसायकल अंगणात उभी केली. माझा पाय तेवढा गोठ्यात ढकलता आला नाही.

पुढं बाबांना लकवा मारला, डावी बाजू गेली. मोटारसायकलच्या उंच सीटवर पाय टाकता येईना. दवाखान्यात न्यायला माझीच स्कूटर उरली. मागं बसवून त्यांना गमछ्यानं माझ्या कमरेशी बांधलं. वाकड्या झालेल्या तोंडानं ते म्हणाले, "मांगच्या रस्त्यानं ने."

मी चौकातून नेली. पारासमोर थांबलो आणि सगळे बघेपर्यंत हॉर्न दाबून धरला. कुणीच हसलं नाही. मग मीच हसलो, बाबांसारखा, सगळ्यांत मोठ्यानं.